पहिला मे महिना हातातून जाऊ देऊ नका: माती-पाण्यावर प्रबंध लिहून एमएस्सी करणाऱ्यांसाठी

आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठापासून पायी वीस मिनिटांवर. आठ एकरांपैकी खालच्या अंगाचं सव्वादोन एकर मी शाळेत असतानाच गेलं. विकलं नाही, त्यात मीठ फुटलं. मे महिन्यात सकाळी तिथं उभं राहिलं की सरीच्या वरंब्यांवर पिठूळ पांढरा थर दिसायचा. बोटानं खरवडून जिभेवर ठेवला तर आधी खारट, मागून कडवट. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. मग त्यात लव्हाळा माजला, ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाणकणीस उगवलं. आण्णा दरवर्षी कुणी सांगेल ते टाकत राहिले. एका वर्षी प्रेसमड (साखर कारखान्याची मळी), दुसऱ्या वर्षी जिप्सम, तिसऱ्या वर्षी दुकानदारानं दिलेली कसलीशी बाटली.

हे असं का होतं ते मला मोजून बघायचं होतं. म्हणून बीएस्सी कृषीनंतर मृदाशास्त्रात प्रबंधासह एमएस्सी केली. आता ओळखीपाळखीतून सांगली-साताऱ्याकडच्या मुलामुलींचे फोन येतात आणि पहिलाच प्रश्न असतो, "ताई, एमएस्सी कुठं करू?" मी त्यांना उलटं विचारते, "कशावर करणार?" आधी कशावर, मग कुणाकडे, आणि सगळ्यात शेवटी कुठं. हा क्रम चुकला की दोन वर्षं धावपळीत जातात आणि प्रबंध कसाबसा उरकावा लागतो. माझं थोडक्यात वाचलं.

प्रबंधाची पदवी म्हणजे नेमकं काय

नुसत्या परीक्षांच्या एमएस्सीत शेवटच्या सत्रात छोटा प्रकल्प असतो. प्रबंधाच्या पदवीत निम्मा जीव संशोधनातच असतो. कृषी विद्यापीठांच्या एमएस्सीला सध्याच्या रचनेत एकूण ७० क्रेडिट आहेत, त्यातले ३० निव्वळ प्रबंधाचे. मार्गदर्शक आणि त्यांच्यासोबत सल्लागार समिती असते. संशोधनाचा आराखडा तिच्यापुढं मांडून मंजूर करून घ्यायचा, आकडे गोळा करायचे, लिहायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यायची. बाकीच्या विद्यापीठांतही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं वाट मोकळी केली आहे. तीन वर्षांची पदवी असलेल्याला दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासातलं दुसरं वर्ष पूर्ण संशोधनाला देता येईल, अशी तरतूद त्यात आहे. प्रत्यक्षात तुमच्या विभागात ती सोय सुरू आहे का, हे विभागप्रमुखांनाच भेटून विचारा.

आधी प्रश्न

दोन वर्षांच्या पदवीत मे महिने दोनच येतात. माझा प्रवेश पक्का झाला तो दिवाळीच्या तोंडावर. पहिलं सत्र वर्गात आणि परीक्षेत गेलं, दुसऱ्यात आराखडा मंजुरीला, आणि पाहता पाहता मे उजाडला. क्षारपड, म्हणजे मीठ फुटलेल्या जमिनीसाठी मे हाच खरा महिना. जमिनीखालचं पाणी मातीतून वर ओढलं जातं, उन्हानं ते उडून जातं, मीठ मागं राहतं आणि सगळा क्षार वरच्या थरात सापडतो. पावसाळ्यात तो खाली धुऊन जातो. म्हणून मेमध्ये एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदा नमुने घेतले तरच चित्र पूर्ण होतं. पहिला मे चुकला तर दुसऱ्यावर भिस्त ठेवावी लागते, आणि तेव्हा हातात प्रबंधाचा मसुदा असायला हवा.

तुमच्या विषयाचा मे महिना वेगळा असेल. कासच्या पठारावर काम करायचं असेल तर तो ऑगस्ट ते ऑक्टोबर. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या विहिरींवर करायचं असेल तर पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजते आहे. त्या जुन्या नोंदी मिळाल्या तर तुमच्या दोन वर्षांच्या आकड्यांना पाठीमागे आधार मिळतो. काही प्रश्न मात्र दोन वर्षांत बसतच नाहीत. टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं. तिच्या परागीभवनावर काम करायची हौस असेल तर तुमच्या दोन वर्षांत तिचं फुलणं येतंय का, ते प्रवेशाआधी मोजून घ्या.

प्रश्न लहान करा. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'सांगली जिल्ह्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास'. हा जिल्हाभराचा कारभार झाला, एका विद्यार्थिनीचा प्रश्न झाला नाही. शेवटी उरलं ते एवढंच: आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या ४० रानांत, नदीपासूनचं अंतर आणि जमिनीखालच्या पाण्याची पातळी यांचा मिठाशी काय संबंध आहे? यात काय मोजायचं, कुठं, कधी आणि किती वेळा ते वाक्यातच आलं. तुमचा प्रश्न असा एका दमात गावातल्या माणसाला सांगून बघा. त्यानं "मग आमच्या रानाचं पण बघ की" असं म्हटलं तर प्रश्न जमला.

आणि आधी कुणी काय केलंय ते वाचा. मला वाटायचं, हे दुखणं आमच्या पिढीचं, उपसा सिंचनानंतरचं. वाचायला लागल्यावर कळलं की नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० सालीच सविस्तर लिहून ठेवलंय. काळी खोल जमीन, कालव्याचं भरपूर पाणी आणि निचऱ्याला वाट नाही. कारणं तीच. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या ओळी वाचताना आण्णांचं रान डोळ्यांसमोर आलं आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं, कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ ची, आणि आपल्या जवळचं कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र. अशा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन जुने अहवाल चाळा. इंटरनेटवर नसलेलं बरंच काही तिथल्या कपाटात असतं.

मग माणूस

मार्गदर्शक निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे यापेक्षा त्यांच्या मागच्या चार विद्यार्थ्यांचं काय झालं ते बघा. त्या विद्यार्थ्यांना गाठून तीनच गोष्टी विचारा. सर किंवा मॅडम शेतावर किती वेळा आले? लिहिलेलं प्रकरण वाचून परत द्यायला किती दिवस घेतले? प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं तेव्हा काय केलं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात माणूस कळतो.

पहिलं पत्र कसं लिहायचं हे कुणी शिकवत नाही. 'मला आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे' असली वाक्यं त्यांच्याकडे रोज येतात. माझ्या पत्राचा मजकूर साधारण असा होता: "सर, मी वाळवा तालुक्यातली. आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या ४० शेतकऱ्यांनी माती घ्यायला परवानगी दिली आहे, त्यांच्या गट क्रमांकांची यादी सोबत आहे. मला मिठाचं प्रमाण आणि पाणीपातळी यांचा संबंध बघायचा आहे. माती घेणं, वाळवणं, चाळणं मला येतं. संख्याशास्त्र कच्चं आहे. आपले या विषयावरचे दोन लेख वाचले. त्यातली नमुन्यांची खोली ठरवण्याची पद्धत मला नीट समजली नाही, ती विचारायला भेटायला येऊ का?" दुसऱ्या दिवशी फोन आला. काय येत नाही ते मोकळेपणानं लिहा, त्यानं पत्राला वजन येतं.

आणि शेवटी ठिकाण

बीएस्सी कृषी असेल तर राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची पदव्युत्तर सामाईक परीक्षा असते. आपला भाग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतो. राज्याबाहेर जायचं असेल तर भारतीय कृषी संशोधन परिषदेची अखिल भारतीय परीक्षा द्या. साधी बीएस्सी असेल, म्हणजे वनस्पतिशास्त्र, रसायन किंवा भूगोल, तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ घराजवळ आहेत. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएस्सी आहे. वन्यजीवांकडे ओढा असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतली वन्यजीव अभ्यासाची एमएस्सी बघा. दोन्हीकडे जागा मोजक्या आहेत आणि चाचणी कडक. इंजिनिअर असाल आणि पाणी-गाव यांत रस असेल तर आयआयटी मुंबईतल्या सितारा (ग्रामीण तंत्रज्ञान) केंद्राचं एमटेक आहे. त्यासाठी गेट परीक्षा लागते, आणि गेटवर एमटेकला प्रवेश घेणाऱ्यांना महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पात्रता आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. कुणाच्या दादानं सांगितलं म्हणून अर्ज भरू नका.

पैशाचं थोडक्यात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर तुम्हाला लागू होणारी शिष्यवृत्ती प्रवेशाच्या आठवड्यातच भरा. उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. प्रबंधाचा खर्च वेगळा धरा: गाडीभाडं, रसायनं, छपाई. माझं सगळ्यात जास्त गेलं ते पेट्रोलवर.

परवानगी

खासगी रानात शेतकऱ्याचं 'हो' पुरतं, तरी ते कागदावर घ्या आणि गट क्रमांक लिहून घ्या. जंगलात तसं नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वनखात्याची लेखी परवानगी लागते. आपल्याकडे कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे, त्याच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरात आहे आणि राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपुरात बसतात. कागद या दोन शहरांमधून फिरून यायला वेळ घेतो. कासला फुलं तोडून नमुना करायचा विचार असेल तर तिथंही आधी वनखातं. २०१२ पासून ते पठार पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात आहे. माझ्या ओळखीतल्या एकीनं जुलैमध्ये अर्ज केला, परवानगी फुलं गेल्यावर आली. तिचं वर्ष गेलं. अर्ज प्रवेशाच्या महिन्यातच टाका.

रानात

नमुने घेण्याआधी संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे जा, घेतल्यावर नको. मी त्यांना म्हटलं, "प्रत्येक रानातून पाच नमुने घेते, म्हणजे दोनशे होतील." त्यांनी कागदावर एक चौकोन काढला, त्यात पाच टिंबं दिली आणि विचारलं, "ही पाच रानं आहेत का?" एकाच रानातली पाच टिंबं एकमेकांची भावंडं असतात, ती पाच वेगळी रानं होत नाहीत. मग ठरलं: ४० रानं, प्रत्येकी ४ खोल्यांवरची माती, २ हंगाम. ३२० नमुने.

माती गिरमिटानं, म्हणजे फिरवून भोक पाडायच्या हत्यारानं घ्यायची. ० ते १५ सेंटिमीटर, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९०. बांध, झाडाची सावली, उकिरडा आणि विहिरीचं तोंड टाळायचं. नागमोडी चालत सात-आठ ठिकाणची एकाच खोलीची माती घमेल्यात एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. कापडी पिशवी घ्या. खताच्या रिकाम्या गोणीत माती कधीच नको, आतल्या पावडरीनं आकडे बिघडतात. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई ओल्या मातीत पसरते. एक चिठ्ठी आत, एक बाहेर. आमच्या काळ्या जमिनीत मेमध्ये वरचा थर विटेसारखा कडक आणि साठ सेंटिमीटरच्या खाली लोण्यासारखा चिकट. गिरमिट वर काढताना 'प्लप्' असा आवाज आला की समजायचं, पाणी जवळ आहे. मावसभाऊ आणि मी पहाटे पाचला निघायचो आणि दहाच्या आत चार रानं उरकायचो. माती सावलीत वाळवायची, लाकडी हातोडीनं फोडायची, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. आमच्या माडीवर महिनाभर पाय ठेवायला जागा नव्हती. आई वर्तमानपत्रं उलटीसुलटी करायची आणि एकही चिठ्ठी इकडची तिकडे होऊ द्यायची नाही.

पाण्याच्या पातळीसाठी रानाच्या कडेला भोकं पाडलेला पीव्हीसी पाईप दोन मीटर खोल उभा पुरला. दोरीला वजन बांधून दर पंधरा दिवसांनी मोजायचं. वरून झाकण लावायला विसरू नका. एका पाइपात पोरांनी खडे भरले आणि ती जागा मला सोडावी लागली.

उपग्रहाची चित्रंही वापरा, फुकट आहेत. सेंटिनेल-२ ची १० मीटरपर्यंत बारकाईची चित्रं साधारण पाच दिवसांनी मिळतात आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. पण उभ्या उसाखालचं मीठ वरून दिसत नाही, आणि कोरडी नांगरट व क्षाराचा थर दोन्ही चित्रात उजळ दिसतात. रानात जाऊन पडताळल्याशिवाय चित्रावर रंग भरू नका.

माझी चूक

ही मी सगळ्यांना सांगते, कारण हीच चूक मी पुढंही अनेकांची होताना पाहिली आहे. मातीतलं मीठ विद्युत वाहकतेवरून मोजतात. अमेरिकेतल्या मृदा लवणता प्रयोगशाळेनं १९५४ साली ठरवलेली ओळख आजही वापरतात. वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. पण ते ४ हे संपृक्त अर्कातलं आहे. म्हणजे माती लगद्यासारखी होईल एवढंच पाणी घालून, ते गाळून मोजलेलं. रोजच्या तपासणीत आपण एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेतो. पाणी जास्त, म्हणून मीठ पातळ आणि आकडा लहान.

मला हे पुस्तकात माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. शेजारच्या तात्यांनी विचारलं आणि मी १:२.५ वरचा १.८ हा आकडा ४ शी ताडून सांगितलं, "काळजी नको, चारच्या आत आहे." त्यांनी त्या भरवशावर उसाची आडसाली (पावसाळ्यातली) लावण केली. डिसेंबरात ऊस जागच्या जागी होता. तीच माती मी संपृक्त अर्कानं पुन्हा मोजली, ५.६ निघाली. उसाचं उत्पन्न तर १.७ च्या पुढंच घटायला लागतं. मी तात्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता पुढच्याला नीट सांग." त्यानंतर प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर मी पद्धत लिहिली. तुम्हीही लिहा. आणि जो आकडा शेतकऱ्याला सांगणार, तो कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी स्वतःला विचारा.

लिहिणं

रानातली वही मराठीत ठेवा. 'इथं पाय रुतला', 'ओढा दगडांनी बुजवलाय', 'मालक म्हणतात २०१९ च्या महापुरानंतर जास्त' अशा नोंदी पुढं चर्चेच्या प्रकरणात सोनं होतात. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो. मी आधी प्रत्येक परिच्छेद काय म्हणतो ते मराठीत एका ओळीत लिहायचे, मग इंग्रजीत मांडायचे. पद्धतीचं प्रकरण त्याच मे महिन्यात लिहून टाका. दुसऱ्याचं वाक्य उचलू नका, पकडलं जातंच, आणि आपलं म्हणणंही हरवतं. सगळे आकडे दोन ठिकाणी साठवा आणि मोजून झालेली माती पदवी हातात येईपर्यंत फेकू नका. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एका नमुन्यावर शंका घेतली तेव्हा मला तो पुन्हा मोजता आला.

चिठ्ठ्या

आमचं सव्वादोन एकर चोपण नव्हतं, क्षारयुक्त होतं. जिप्सम चोपणला उपयोगी पडतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. साध्या क्षारयुक्त रानाला आधी निचरा लागतो आणि मग गोड्या पाण्यानं मीठ धुवावं लागतं. आण्णांचे जिप्समचे पैसे वाया गेले होते. निचरा करायचा तर साधारण चार फूट खोल सच्छिद्र पाईप, आणि त्याचं पाणी जायला ओढा मोकळा. ओढा खालच्या अकरा जणांच्या बांधांवरून जातो, म्हणजे अकरा जण एकत्र बसल्याशिवाय काम होत नाही. हे सगळं प्रबंधात आहे, पण प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

म्हणून मी ४० चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येक रानाची एक. वर गट क्रमांक, खाली चार खोल्यांचे आकडे आणि ते कोणत्या पद्धतीनं मोजले ते, त्याखाली मराठीत दोन ओळी: तुमची जमीन क्षारयुक्त की चोपण, आणि कशावर पैसे घालू नका. संध्याकाळी दूध घालायला सगळे डेअरीवर येतात, तिथं वाटल्या. तुमच्या आराखड्यात या कामाला चार दिवस राखून ठेवा, आणि ते चार दिवस पुढच्या लावणीच्या आधी येतील असं बघा. तात्यांची चिठ्ठी मी घरी नेऊन दिली.